बुसैतीनच्या पोवळेबाई

नोव्हेंबरच्या सात तारखेला, शुक्रवारी, सकाळी साडेसहा वाजता पोवळेबाईंनी स्वतःच्या हाताने वाढवलेले प्रवाळ तोडायला घेतले. मी शेजारी उभा होतो. पकड त्यांच्या हातात होती. 

बुसैतीनमधील आमच्या इमारतीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मूळच्या नाशिकच्या. एका शीतगृह कंपनीत हिशेब सांभाळत. यजमान फार पूर्वी गेले होते आणि मुलगी कॅनडात होती. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आणि पत्नी गेल्यानंतर मुलाकडे बहारीनला आलो. आल्यावर पहिल्याच आठवड्यात खालून दिवसरात्र येणाऱ्या घरघरीची तक्रार करायला मी त्यांचे दार वाजवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आवाज पंपाचा आहे, अप्पा. तो थांबला तर आतले सगळे मरतील. बसा." मी बसलो. पुन्हा तक्रार केली नाही.

त्यांच्या दिवाणखान्यात सोफा नव्हता. भिंतभर काचेची टाकी होती, समोर दोन स्टुले होती. बाहेर डोळे मिटायला लावणारे ऊन आणि धूळ असे. दार लावले की निळा उजेड. टाकीच्या मधोमध एक मोठे प्रवाळ उभे होते, झुडपासारखे फांद्या फुटलेले, बुडाशी तपकिरी आणि टोकांना जांभळे. संध्याकाळी मशिदीतून अजान येई, टाकीतले दिवे मंद होत आणि प्रत्येक फांदीवर हजारो बारीक तोंडे उघडत. मग ते झुडूप वाऱ्याविना हलू लागे. घरात आलेला माणूस आपोआप हळू बोले. मीही रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसू लागलो. आम्ही फारसे बोलत नसू. किती वेळ गेला ते मला उठल्यावरच कळे.

त्या प्रवाळाला बाई 'आई' म्हणत. तिच्या फांद्यांची टोके कापून, सिमेंटच्या चकत्यांवर गोंदाने चिकटवून त्या विकत. जगभर या तुकड्याला 'फ्रॅग' म्हणतात. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारा कुडाळचा गणेश मात्र त्याला कलम म्हणे, आणि पुढे बाईही तसेच म्हणू लागल्या.

कलम मागायला येणाऱ्याला त्या पहिल्या खेपेस कधीच देत नसत. "आधी पत्रिका आणा," असे म्हणत. पत्रिका म्हणजे त्याच्या स्वतःच्या टाकीतले बाटलीभर पाणी. ते तपासून त्या दोष सांगत आणि परत पाठवत. गणेशला तीनदा परत पाठवले होते. चौथ्यांदा तो दारातूनच म्हणाला, "बाईनू, पाणी हाडलंय. आता तरी पास जातला काय?" बाईंनी नळीत थेंब टाकले, रंग उजेडात धरला आणि म्हणाल्या, "छत्तीस गुण जुळले. ने." तो इतका हसला की मला त्याला गप्प करावे लागले.

पोवळेबाई हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी ठेवले होते. एकदा त्यांच्यापैकी एक बाई मुलाच्या अंगठीसाठी पोवळे घ्यायला आल्या. मुलाला कडक मंगळ होता. आमच्या बाईंनी त्यांना स्टुलावर बसवले, टाकी दाखवली आणि म्हणाल्या, "माझं पोवळं जिवंत आहे हो. बोटात घातलं तर मरेल, आणि मंगळ आहे तिथेच राहील." त्या बाई रागावल्या. तरी निघताना अर्धा तास टाकीपुढून हलल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी, एका ऑगस्टमध्ये, बाई सुट्टीवर नाशिकला गेल्या असताना घरातला एसी बंद पडला. घरात कोणी नव्हते आणि मीही तेव्हा मुलासोबत पुण्याला गेलो होतो. त्या परतल्या तेव्हा पाणी तापलेले होते आणि आई मुळापासून शेंड्यापर्यंत पांढरी पडलेली होती. मी आल्यावर मला त्यांनी एवढेच सांगितले, "गेली." गणेशला कळले तेव्हा तो कामावरच्या कपड्यांत बादली घेऊन आला. पूर्वी नेलेल्या कलमाची त्याच्याकडे चांगली वाढ झाली होती. त्याने त्यातली सर्वांत मोठी फांदी तोडून आणली होती. मी पाहिलेली ती मोठी 'आई' मेली. नोव्हेंबरच्या त्या सकाळी टाकीत उभी होती ती त्या फांदीपासून वाढलेली.

यंदा बाईंची नोकरी संपली आणि त्याबरोबर व्हिसाही. प्रवाळ भारतात नेणे सोपे नाही. त्याला परवाने लागतात, आणि ते मिळाले तरी एवढे मोठे झुडूप प्रवासात टिकले नसते. आईचे काय करायचे, हा एकच प्रश्न उरला. बाकीचे सामान त्यांनी दोन दिवसांत देऊन टाकले होते. या प्रश्नावर मात्र महिनाभर विचार केला आणि शेवटी तिची कलमे करून वाटून टाकायचे ठरवले.

अमवाजला राहणारे एक मुंबईचे बँकवाले आईला अख्खी मागत होते. त्या शुक्रवारी इतर लोक बादल्या घेऊन आले तेव्हा तेही आले.

"मॅडम, प्लीज, असं करू नका. होल कॉलनी, हे अख्खं झुडूप, मला द्या. माझी टँक याच्या दुप्पट आहे, पाणी थंड ठेवायला चिलर आहे, बॅकअप आहे. तोडायची कशाला?"

"तुमच्याकडे सगळं आहे हो. पण तुमची ट्रान्सफर झाली की?"

"इंशाल्ला, नाही होणार."

"हं. मीही असंच म्हणत होते."

माझे मत बँकवाल्यांच्या बाजूचे होते. उभी असलेली वस्तू पाडू नये, असे मी आयुष्यभर मानत आलो. तसे मी बोलून दाखवले. बाई टाकीकडे पाहत म्हणाल्या, "अप्पा, त्या ऑगस्टमध्ये माझ्याकडची गेली आणि सलमाबादची राहिली. सगळी एकाच घरात असती तर आज इथे तोडायलाही काही नसतं." 

त्यांनी पकड फांदीला लावली.  पकड बाजूला घेतली, पुन्हा लावली. मग ती माझ्यापुढे केली. "तुम्ही करा, अप्पा. मला इथून नीट दिसत नाहीये."

मी बाह्या सरसावल्या आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट होते. फांदी तुटली तेव्हा खडीसाखर फुटावी तसा आवाज झाला. बाई एकेक जागा बोटाने दाखवत होत्या आणि मी तोडत होतो. पाणी गढूळ होत गेले. खोलीत समुद्राचा वास भरला. निळ्या उजेडात ते तुकडे पिशव्यांतून जाताना दिवे नेत असल्यासारखे दिसत होते. एक रिफाला गेला, एक मुहर्रकला. बँकवाल्यांनी एक घेतला आणि जाताना बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांच्याकडून मला ते अपेक्षित नव्हते. गणेशने दोन घेतले. "एक माझ्याकडं, एक रूममेटाच्या टाकीत. एक गेला तर दुसरा ऱ्हवात," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "यल्ला, चल, पाणी थंड व्हायच्या आत नीघ."

दुपारपर्यंत सगळे गेले. टाकीत फक्त बुंधा उरला. तपकिरी, खडबडीत, दगडाला घट्ट चिकटलेला, त्यावर कुठे कुठे जिवाचा पातळ थर. तो कोणी मागितला नव्हता.

"हा राहू दे," बाई म्हणाल्या. "याला रंग नाही. कुणी घेणार नाही." त्यांनी कचऱ्याची पिशवी उघडली होती, पण दगडाला हात लावत नव्हत्या.

"मला द्या," मी म्हणालो.

"तुम्हाला? अप्पा, तुम्ही या वयात टाकी सांभाळणार?"

"पाया फेकत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पिशवीची घडी केली. मग आजारी तुकड्यांसाठी ठेवलेली त्यांची छोटी टाकी आम्ही दोघांनी मिळून पुसली. मुलगा आणि सूनबाई ती वर घेऊन गेले. बाईंनी स्वतः बुंधा आत बसवला, पाण्याचा झोत त्याच्या अंगावरून वाहील असा पंप फिरवला. त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. बराच वेळ उठल्या नाहीत. मी घाई केली नाही.

संध्याकाळी टॅक्सी आली. जिन्यात त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला थोडं पाणी बदला. आणि रंग यायची घाई करू नका. वर्ष लागेल."

"लागू दे."

"पत्रिका न बघता दिली तुम्हाला."

"पोचलात की फोन करा," मी म्हणालो. 

टॅक्सी विमानतळाच्या दिशेने वळली. मी वर आलो. खोलीत दिवा लावला नव्हता, टाकीचा निळा उजेड जमिनीवर हलत होता. बुंध्याच्या एका बाजूला, नखाएवढ्या जागेत, तोंडे उघडली होती. मी चष्मा पुसून खात्री करून घेतली. आमच्या घरात झोपण्यापूर्वी सगळी बटणे बंद करण्याची मुलाला सवय आहे. मी कपाटातून चिकटपट्टी काढली आणि पंपाच्या बटणावर लावली.