जावळाचा वस्तरा

डोळा लागतोय म्हणेस्तोवर उघडतो. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, पंखा नुसता गरगरतोय. मी चटईवर पडलेय, पण हात स्वस्थ नाही. पडल्या पडल्या मनगट पुढं-मागं हलतंय. सकाळपासून मालकांचा वस्तरा दगडावर घासत होते, शेवटी वैतागून धोकटीत गुंडाळून ठेवला. हाताला अजून ते कळलेलं नाही.

उद्या नातवाचं जावळ. विहीणबाई म्हणाल्या, मशीन फिरवा, सोपं पडतं. मी चारचौघांत सांगून बसले, "आमच्यात पोराचं पहिलं जावळ आजाच्या वस्तऱ्यानं निघतं. आजा नसला तर आजी आहे." माझा लेक संपत सलूनवाला खरा, पण त्याचं पातं बोथटलं की टाकलं आणि नवं घातलं. धार लावणं त्याला येत नाही. मला तरी कुठं येतं? मालकांच्या हत्यारांच्या धोकटीला घरातल्या बाईनं शिवायचं नाही, अशीच रीत होती. आणि हा वस्तरा आता केस कापत नाही, ओढतो. विहीणबाई बोलतील ते बोलोत, त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडं तोंड आहे. पण पोराची टाळू अजून भरलेली नाही.

"काय चाललंय, हौसे?"

मालक उंबऱ्यावर उकिडवे बसलेत. जाऊन वर्षं झाली, पण सदरा तोच, काखेत उसवलेला. दाढी मात्र वाढलीय.

"दिसत नाही? तुमचं काम करतेय."

"धोकटीला हात लावलास?"

"लावला. अडवायला होता कोण?"

ते मिशीत हसतात. मी आणखी काही बोलणार, तर खाली चटई नाही, गोणपाट आहे. बाजारातल्या लिंबाखाली बसलोय आम्ही, त्यांच्या जागेवर. बाजार गच्च भरलाय, माणसांची तोंडं हलताहेत, आवाज मात्र नाही. माझ्या पुढ्यात ओला दगड.

"घास बघू," ते म्हणतात.

मी दातओठ खाऊन घासते.

"विळी आहे का ती?"

"का, काय झालं?"

"पाठ उचलतेस नि जोर लावतेस. पोराच्या डोक्यावर भाजी चिरायचीय?"

"जन्मभर हातात विळीच दिलीत. दुसरं काय येणार मला?"

ते पुढं सरकतात. मग दगडावरनं नुसतं बोट फिरवून दाखवतात. "आडवा झोपव त्याला. पाठ नि धार दोन्ही दगडाला टेकू देत. धार पुढं ठेवून न्यायचा, मग पाठीवरच कूस बदलायची नि परत आणायचा. जोर नको. त्याचं वजन त्याला पुरतं."

मी पाणी घ्यायला वळते, तर दवाखान्याचा लांबच लांब व्हरांडा. लोखंडी खाटेवर मालक पडलेत. खाटेच्या दांडीला त्यांचा वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा लटकतोय.

"ही दाढी इथंच वाढली," गालावर हात फिरवत ते म्हणतात. "गावाच्या केल्या, माझी राहिली. तू कर."

"मी?"

"आणखी कोण दिसतंय तुला? आधी पट्ट्यावर फिरव. इथं मात्र उलटं. पाठ पुढं, धार मागं. नाहीतर पट्टा चिरशील."

मी फिरवते. साबण लावते. एक गाल निम्मा होतो.

"ओढतंय का?"

"ओढतंय."

"मग बोला ना. तोंड मिटून काय सोसताय?"

पुन्हा दगड, पुन्हा पट्टा. पुन्हा गाल. पण आता हाताखाली गाल नाही. मऊ, कोमट काहीतरी आहे, आणि ते धडधडतंय. नातवाची टाळू. मी हात उचलायला बघते, उचलत नाही.

"अहो, हात थांबत नाही माझा."

"थांबवू नको. हलका कर."

मी हलका करते. आणखी हलका. वस्तरा हातात आहे की नाही हेच कळेनासं होतं.

मालक माझ्या मुठीतनं तो काढून घेतात. माझा डावा हात धरतात, बांगड्या कोपराकडं सारतात. "दुसऱ्याच्या डोक्याला लावायच्या आधी आपल्या हातावर बघायचं. माझ्या बापानं मला असंच दाखवलं." ते मनगटाच्या वर वस्तरा टेकवतात आणि एकदाच ओढतात.

"काही कळलं?"

"नाही."

"झालं तर मग."

"उद्या तुम्हीच या की," मी म्हणते. आयुष्यात कुणापुढं असा पदर पसरला नव्हता.

"मी आलो तर पोर बिचकेल, हौसे. तुझा वास त्याच्या ओळखीचा आहे."

पंखा गरगरतोय. सून सुरेखा चहाचा कप घेऊन पुढ्यात उभी. मी उठून बसते. धोकटी कोनाड्यात, गुंडाळलेली, गाठ मी मारली तशीच. बांगड्या मात्र कोपराशी चढलेल्या.

सुरेखा वाकून बघते. माझ्या मनगटाच्या वर दोन बोटं रुंद पट्टी, लव नाही, ओरखडा नाही. तुळतुळीत.

"आत्या, इथले केस कुठं गेले?"

"जायचे तिथं गेले. चहा ठेव खाली. ती धोकटी आण नि दगडावर पाणी घाल."

ती जागची हलत नाही. "मी? मी शिवू धोकटीला?"

"शीव. आणि बस इथं माझ्याजवळ."