कोर्सला त्याने लगेच हो म्हटलं

फुकट चहा पाजणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. त्या कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी चहा पाजला, वर बिस्किटंही पुढे केली. ही बाई आपल्याला कापणार, अशी माझी तिथेच खात्री झाली.

सेरंगूनच्या मॉलमागे ते छोटंसं खासगी कॉलेज होतं. मी गेले होते रक्ताचे नमुने घ्यायला शिकवणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सची चौकशी करायला. खरं म्हणजे पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कित्येक वर्षं हेच काम केलेलं. भल्याभल्यांना न सापडणारी शीर मला सापडायची. पण नवऱ्याला इथे आयटीतली नोकरी लागली, मुलाला कडेवर घेऊन आम्ही सिंगापूरला आलो आणि तेव्हापासून मी डिपेंडंट पासवर घरात. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर राहायचं. स्वतःला काम करायचं असेल, तर देणाऱ्याने वेगळा पास काढून द्यायला हवा. पुण्याचं सर्टिफिकेट इथे कुणी विचारत नाही, म्हणून हा खटाटोप.

बाईंनी पगाराचा आकडा फार गोड आवाजात सांगितला. मी विचारलं, “माझ्यासारख्या पासवर असलेल्या किती जणींना नोकरी लागली?”

“ते नंतर बघता येईल, मॅडम. आधी सीट बुक करा.”

“नंतर म्हणजे कधी?”

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. झालं! शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी निघाले तर बाईंनी घाईघाईने एक नंबर दिला. “ही तुमचीच मराठी लेडी. आमच्याकडेच शिकली, आता छान जॉब करते.” आमचीच मराठी! म्हणजे गळाला मासा लागावा म्हणून आमिषही घरचंच.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोबाइलवर हिशेब केला. पगार रुपयांत करून पाहिला आणि आकडा असा गलेलठ्ठ दिसला की बिशान स्टेशनपर्यंत मी एकटीच हसत होते. आम्हा मंडळींची ही खोडच आहे, येणारा पैसा रुपयांत मोजायचा आणि जाणारा डॉलरात. गाडी बदलल्यावर भानावर आले आणि फीसुद्धा रुपयांत केली, ती कर्ज काढूनच भरावी लागणार म्हणून बँकेचं व्याज धरून. मोबाइल पर्समध्ये टाकला. नोकरी लागली तर कर्ज फिटायला फारसा वेळ लागणार नव्हता. पण नाहीच लागली तर?

सेम्बावांगला घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा कपाळाला आठ्या घालणार. हा माणूस तूरडाळीसाठी तीन दुकानं हिंडतो. फ्रीज हप्त्यावर घ्यायचा म्हटलं तर याला रात्रभर झोप लागली नव्हती. आणि हा म्हणतो, “कर की कोर्स. कर्ज काढू.”

“काय?”

“अगं, तुझं मन रमेल.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. पण भांडी विसळताना सारखं वाटत राहिलं, इतक्या पटकन हो? आणि ‘मन रमेल’ काय? मी कमवायचं म्हणत होते, हा रमायचं म्हणत होता.

शनिवारी त्या मराठी ताईंना भेटायला चोआ चू कांगला त्यांच्या घरी गेले, ते त्यांचं बिंग फोडायचंच असं ठरवून. त्यांनी कांदेपोहे केले होते. मी पहिल्याच घासाला विचारलं, “ताई, कोर्स चांगला आहे म्हणून सांगायचे तुम्हाला कॉलेज काही देतं का हो?”

त्या खो खो हसल्या. “अहो, तुमचा फोन येईपर्यंत मला ठाऊकही नव्हतं ते माझा नंबर वाटत फिरतात! आता विचारतेच जाऊन.”

मग त्यांनी न लपवता पगार सांगितला. कॉलेजच्या आकड्याहून जरा कमी, पण खोटा नव्हता. कोर्स बरा होता, नोकरी खरी होती. माझा सगळा संशय पाण्यात. मी जवळजवळ खूश झाले होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “तुमचं पीआर झालं असेल ना? नाहीतर फी वाया जाईल हो. या कामासाठी बाहेरच्या माणसाचा पास काढायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही.” पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, तो असला की कामासाठी वेगळा पास लागत नाही.

“नाही झालं. अजून अर्जच केला नाही. हे म्हणतात, नियम सारखे बदलतात, सावकाश करू.”

“मुलगा आहे ना तुम्हाला?” त्यांनी अगदी सहज विचारलं. “मग म्हणूनच थांबले असतील. पीआर घेतलं की मुलाला पुढे दोन वर्षं इथल्या सैन्यात जावं लागतं. आम्हाला दोन मुली, आम्हाला कसली काळजी!”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. सैन्याचं मला माहीत नव्हतं का? इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण चहावाल्या बाईवर संशय घेतला, पोहेवालीवर घेतला, आणि ज्याच्या शेजारी रोज झोपते त्याच्या ‘सावकाश’वर एकदाही घेतला नाही.

घरी येताच दारातच विचारलं, “पीआर नाही तर मला नोकरी मिळणार नाही, हे तुला माहीत होतं?”

तो चप्पल शोधायला लागला.

“माहीत होतं की नाही?”

“होतं.”

“तरी कर्ज काढायला निघालास?”

“तू घरात कुढत होतीस. मला बघवत नव्हतं.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे मला खेळणं आणून देत होतास! मुलाची पुढची दोन वर्षं तुला आतापासून दिसतात. माझी इतकी वर्षं गेली, ती दिसली नाहीत?”

तो चप्पल शोधायचं सोडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “बरं. तू म्हण, पाठवू त्याला. उद्या अर्ज करतो.”

आतल्या खोलीत मुलगा मित्राशी फोनवर अगदी इथल्या पोरांच्या इंग्रजीत बोलत होता, “कॅनॉट लाह, माय मम विल स्कोल्ड!” मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतकी तावातावाने भांडणारी मी, ताटं मांडायला वळले.

कॉलेजच्या बाईंचा फोन आला तेव्हा नको म्हणून कळवलं. कर्ज टळलं, फी वाचली. नवऱ्याला उत्तर मात्र मी अजून दिलेलं नाही. दरम्यान मुलगा माझ्या खांद्याच्या वर गेलाय. नवरा पुन्हा एकदाही विचारत नाही. हल्ली माझ्याशी फार प्रेमाने वागतो, सकाळचा चहासुद्धा तोच करतो. मी थांबून राहिले की अर्ज राहून जाणार, मुलगा सैन्यातून सुटणार आणि त्याला हवं ते आपोआप होणार, हे त्याला कळतं. मला कळत नाही असं थोडंच आहे? आणि तरी मी थांबले आहे.