गयाबाईंच्या घरातलं शूटिंग

सिनेमाचा सेट मोडला की भाड्याचं सामान परत जातं, किस्से मात्र माझ्याकडेच साठतात! मी परभणीची, कलादिग्दर्शन करते. एका शेतकरी कुटुंबावरच्या फिल्मसाठी आम्ही बोरी गावात गयाबाई आणि विठ्ठलरावांचं घर घेतलं होतं. हे किस्से तिथलेच.

*

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाले, "फ्रीज, मिक्सर बाहेर काढा. घर खेड्यातलं वाटलं पाहिजे."

गयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "मंग आमी काय दुबईत ऱ्हातोत का?"

फ्रीज फ्रेममध्ये राहिला!

*

भिंत गरीब दिसावी म्हणून मी सकाळभर तिच्यावर डाग पाडले. झकास जमलं होतं. जेवून परत येते तर भिंत लख्ख!

"लय घाण झाली होती, बाई," गयाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "तुमचं जेवण होईस्तोवर धुऊन घेतली."

*

सीन असा होता की नवरा बाजेवर बसून बायकोवर ओरडतो, "पाणी आण!" नटाला समजावं म्हणून विठ्ठलरावांना करून दाखवायला सांगितलं. ते बाजेवर बसले, क्षणभर थांबले, उठले, माठातून तांब्या भरला आणि गयाबाईंच्या हातात दिला.

"काका, ओरडायचं होतं!" दिग्दर्शक म्हणाले.

"ओरडायचं आसंल तर दुसरं घर बघा, साहेब."

सीन बदलावा लागला!

*

नायिका उंबऱ्यात बसून रडते, असं स्क्रिप्टमध्ये होतं. तीन टेक झाले. गयाबाईंना राहवेना.

"दारात कोन रडतंय? समदं गाव बघंल की! बाई न्हाणीत जाती. आदी नळ सोडती, मंग रडती."

दिग्दर्शकांनी स्वतः कॅमेरा उचलला आणि न्हाणीकडे नेला. फिल्ममधला तोच सीन लोकांच्या लक्षात राहिला.

*

नायिकेला भाकरी काही थापता येईना. शेवटी क्लोजअपमध्ये गयाबाईंचे हात घेतले.

फिल्म परभणीत दाखवली तेव्हा नवरा-बायको दोघं पहिल्या रांगेत होते. गयाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पडद्यावर ते हात आले, परातीत भाकरी गरगर फिरली, तव्यावर पडली. विठ्ठलराव ताडकन उभे राहिले, मागे वळून ओरडले, "ते हात आमच्या हिचे हायेत!"

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

गयाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता त्यांचा सदरा खाली ओढला. "बसा खाली! भाकर करपायली तिकडं!"