तळ्याची खुंटी

बेळगुंदीजवळच्या तांबड्या दगडाच्या खाणीवर तो पंप चालवायचा. सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर भाताचा कोंडा. पाऊस पडून पाणी वाहू लागलं की त्यात चिमूटभर टाकायचा आणि कोंडा कुठं निघाला ते नुसत्या हनुवटीनं दाखवायचा.

खाणीचे चर आणि गाळ अडवायचं तळं मी आखत होतो. तळ्यासाठी त्यानं खालच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली होती. मालकाला ती जागा ट्रक लावायला हवी होती. मी तळं वर सरकवलं, खुंटी उपटली.

तो हसला. "पाण्याला नकाशा दावलासा व्हय, सायेब?"

त्या पावसात तांबडा गाळ खालच्या भातात शिरला. त्यात त्याचंही शेत होतं. पंप बंद होता म्हणून असं झालं, असं मी मालकाला लिहून दिलं. त्याचं काम गेलं.

यंदा मी नव्यानं आखणी करत असताना तो बांधावरून आला, तीच खुंटी घेऊन.

"धरा. ह्या बारीला उपटू नगासा."

भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी खुंटी धरली, त्यानं दगडानं ठोकली.

पंप त्या दिवशी चालूच होता. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मालकाला आज लिहून दिलं.