खिडकीत डबा ठेवणारी ती

चूक आधी कबूल करते. चेहराही माहीत नसलेल्या एका बाईशी भांडायला मी ऐन मे महिन्यात लग्नातला कांजीवरम नेसून बसने निघाले होते! भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता... सवतीवर मात्र होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मद्रासला मैलापुरात आमचा नवा संसार. आमचे हे कस्टममध्ये कारकून. मागे महायुद्धात बॉम्बच्या भीतीने त्यांचं ऑफिस बंदरावरून हलवून आत एका लहान गावी, यात्रेकरूंच्या छत्रमात, म्हणजे धर्मशाळेत नेलं होतं. तिथे रोज दुपारी कोणीतरी बाई खिडकीत ह्यांच्यासाठी डबा ठेवून जायची. हे कागदांतून मान वर करेपर्यंत ती पाठमोरी, देवळाच्या तळ्याकडे वळलेली. कोण, कुठली, कधी कळलं नाही. पण डब्यात आपल्या तंजावरी मराठी घरांतली, भाजक्या उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी! इथे मी उडीद भाजता भाजता मनगट पोळून घेतलं, तरी ह्यांचं आपलं एकच — "चांगली झालीय... पण ती चव नाही."

त्या 'पण'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी म्हटलं, "चला, दाखवाच मला ती!"

छत्रमात आता ऑफिसची मोडकी कपाटं तेवढी उरली होती. ओसरीवर राखणदाराची म्हातारी बायको मिरच्या निवडत होती. मला बघून हसली आणि तमिळमध्ये म्हणाली, "या अम्मा! आज डबा नाही आणलात?"

"आजी, मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"चेष्टा करता होय? रोज ह्याच खिडकीशी तर यायचात!" मग तिने माझा हात धरला. "अय्यो, हे तेव्हाचं भाजलेलं अजून ओलंच?"

तो फोड त्याच आठवड्यातला होता... आणि युद्धाच्या वेळी मी तंजावरला परकर नेसून सागरगोटे खेळत होते!

ह्यांचा चेहरा पांढराफटक. आणि मी? घाबरायचं सोडून मनगट पदराखाली लपवलं — जणू तिचंच काहीतरी चोरलं होतं मी.

नातवंडं आज नाना तर्क लढवतात. मला एकही पटत नाही. आणि खरं सांगू? ती मीच असले, तरी माझा जळफळाट काही थांबला नाही. परतीच्या बसमध्ये ह्यांनी तिकिटं खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले,

"अगं, आता तरी तिची आठवण काढली तर चालेल का तुला?"