बाबांचा भरलेला थर्मास

परवा बाबांना विमानात बसवून आले. तीन महिन्यांसाठी आले होते, पाच आठवड्यांत परत गेले. "घराची आठवण येते गं," म्हणाले... आणि मी मूर्खासारखं ते खरं मानलं.

छातीत धडधडतं म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांचं कॅफीन बंद केलेलं. म्हणजे चहा बंद! बाबांचा चहा बंद म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या कोपऱ्यावर एका व्हिएतनामी आजोबांचं दुकान आहे. त्यांच्याकडे वाळलेल्या शेवंतीचा चहा मिळाला, कॅफीन अजिबात नाही. मी खूश! रोज सकाळी थर्मास भरायचा, "बाबा, संपवा हं" म्हणायचं आणि होम ऑफिसचं दार लावून घ्यायचं...

संध्याकाळी थर्मास तसाच. मग माझी चिडचिड. "आवडत नाही तर सांगा ना सरळ! एवढं कोणासाठी करते मी?" असंही एकदा बोलले.

"चांगला आहे गं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिकीट अलीकडचं करायला सांगितलं.

आज तांदूळ आणायला दुकानात गेले, तर आजोबांनी विचारलं, "पापा कुठे आहेत?" परत घरी गेले, म्हटलं. त्यांचा चेहराच उतरला.

त्यांनी काउंटरमागे बोट दाखवलं: दोन स्टुलं, मध्ये किटली. बाबा रोज दुपारी "फिरून येतो" म्हणून जायचे ते इथे! बाबांचं जर्मन म्हणजे 'डांके', थँक यू, पुढे काही नाही. तरी दोघं मिळून अख्खी किटली संपवायचे... तोच शेवंतीचा चहा. माझ्या थर्मासमधलाच!

बाबा आयुष्यात कधी एकटे चहा प्यायले नाहीत. कोणी नसलं तर जिन्यात उभे राहून शेजारच्या काकांना हाक मारायचे. हे मला माहीत होतं हो... आणि मी दाराआड 'या, गेनाऊ', हो, अगदी बरोबर, करत कॉलवर.

आजोबांनी मला बाबांच्या स्टुलावर बसवलं, कप भरला. त्यांचे आभार मानायला हवे होते, पण मला नुसतं रडू येत होतं. स्वतःचाच संताप संताप झाला.

चहा खरंच सुंदर होता... हलकासा कडू, मागून फुलांचा वास. पाच आठवडे रोज केला मी तो. एकदाही बाबांसमोर बसून प्यायले नाही.