थंडावा कमी वाटला म्हणून

पहिला खोका उघडून मी वडीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

शॅम्पू बार म्हणजे शॅम्पूची वडी. दिसायला साबणासारखी, पण साबण नव्हे. केस धुण्याची पावडर, थोडं मेण आणि तेल वितळवून साच्यात दाबायचं, की झाली. ती हाताला टणक लागली पाहिजे. आमची वडी खव्यासारखी मऊ होती. वरून तेलकट घाम सुटला होता आणि कागद तिला चिकटला होता.

"दुसरा उघडा," मॅनेजर साहेब म्हणाले.

चार खोके उघडले. सगळ्यांत तेच.

"मॅडम, परवा हा माल सांगलीला जायचाय. काय सांगू त्यांना? शॅम्पू मागवला होता, शिरा पाठवतोय?"

मी उघडे खोके पुन्हा बंद करायला घेतले.

मी लोणंदच्या एका छोट्या कॉस्मेटिक कंपनीत केमिस्ट आहे. गाव पाटणकडचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रॅक्टिकलचा पांढरा कोट आमच्या सरांनी स्वतः आणून दिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. मला कुणीतरी हात दिला म्हणून मी इथवर आले, हे मी विसरू शकत नाही. त्यामुळे कंपनीने नवीन प्रॉडक्टचा विषय काढला, तेव्हा हे काम खेड्यातल्या बायकांना द्यावं असा प्रस्ताव मीच मांडला. कुंडलमध्ये एक शेड घेतली, ती कंपनीच्या लायसन्सला जोडली आणि बचत गटातल्या अकरा जणींना मी तीन महिने शिकवलं.

सांगलीच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर हीच आमची परीक्षा होती. माल पसंत पडला तर शेड कायमची, नाहीतर बंद. गटाच्या प्रमुख अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ताई, सावलीतलं काम आन् वरीसभर! उसाच्या पाल्यानं हात कापून घ्यायचं आता बास झालं."

आमच्या वडीची खासियत म्हणजे पुदिना. डोकं धुताना टाळूला गार, झिणझिण लागलं पाहिजे. हे काम मेन्थॉल करतं. बाजारात त्याला पुदिन्याचं फूल म्हणतात. पांढरे, काचेसारखे खडे असतात. गंमत अशी, की मेन्थॉल टाळू खरोखर थंड करत नाही. कातडीतल्या ज्या नसांना गारवा कळतो त्यांना ते जागं करतं, एवढंच. म्हणून ते फार जपून घालायचं. साठ ग्रॅमच्या वडीत जेमतेम अर्धा ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडल गाठलं. अकराही जणी शेडमध्ये बसल्या होत्या. खराब वडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "त्या दिवशी यात रेसिपीबाहेरचं काही पडलं का?"

सुनंदावहिनी लगेच उभ्या राहिल्या. मिश्रण ढवळायचं काम त्यांच्याकडे होतं.

"म्या कापूर घातला, ताई. पाव किलो. आमी घरी डोक्याच्या तेलात घालतोच की. लय गार लागतं."

"कापूर? का पण?"

"आवं, तुमीच म्हनला न्हवं, वाढवा म्हनून?"

आणि मला तो दिवस आठवला.

सकाळी नऊपासून आम्ही सगळ्या त्याच शेडमध्ये होतो. माशा येतात म्हणून खिडक्या बंद. चार वाजता नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने ओल्या मनगटावर वडी घासून पाहिली. कुणालाच काही जाणवेना.

"काय गारच लागंना गं," एक जण म्हणाली.

"वहिनी, तुमच्या सुभेदारांच्या टकलावर लावून बघूया का?"

"तितं काय झिणझिणायचं शिल्लक हाय?" सुनंदावहिनी म्हणाल्या आणि शेडभर हशा पिकला. त्यांचे यजमान पलटणीतून रिटायर झालेले.

मग वहिनींनी मला विचारलं, "ताई, उरलेल्या घाण्यात जरा वाढवू का?" मी तेव्हा फोनवर होते, लोणंदहून डिस्पॅचची विचारणा चालली होती. एक वडी नाकाला लावली. वास आला नाही. म्हटलं, "वाटत असेल तर किंचित वाढवा." आणि बोलत बोलत बाहेर गेले. मेन्थॉलची बाटली मोजून दिलेली होती, ती संपलेली. मग वहिनींनी समोरच्या दुकानातून कापूर आणला.

आता यातली केमिस्ट्री सांगते. मेन्थॉलचे खडे एका वाटीत ठेवा, घट्ट राहतात. कापूरही तसाच. पण दोन्ही एकत्र खलले, तर बघता बघता त्यांचं पाणी होतं. हे मी कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतःच्या हाताने केलेलं आहे. वडीत तेच झालं, त्यात मे महिन्याचं ऊन.

पण मूळ चूक कापराची नव्हती. दिवसभर एकाच वासात राहिलं की नाक तो वास घेणं सोडून देतं. मनगटांचंही तसंच, दिवसभर मेन्थॉल हाताळून ती सरावलेली. कापूर पडण्याआधीचा पहिला घाणा पूर्ण बरोबर होता, त्याच्या मोजक्या वड्या टणकच होत्या. बाहेरून आलेल्या कुणीही ते एका क्षणात सांगितलं असतं. मीसुद्धा आत बसून बसून बधिर झाले होते, आणि त्याच नाकाने मी माल पास केला होता.

लोणंदला परतल्यावर साहेबांनी फॉर्म पुढे केला. माल बिघडला की हा भरावा लागतो. काय झालं, का झालं, पुढे काय करणार.

"रूट कॉज एका ओळीत लिहा. कापूर कुणी घातला?"

"सुनंदावहिनींनी. पण सर, वाढवायला मी सांगितलं होतं."

"कापूर वाढवायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग ऑपरेटर एरर लिहा."

"सर, चूक टेस्टिंगच्या पद्धतीत आहे. ती पद्धत माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, नीट ऐका. केमिस्ट चुकली असं लिहिलंत, तर वरचे म्हणतील, शेडवर कंट्रोल नाही, बंद करा. ऑपरेटर चुकली लिहिलंत, तर ऑपरेटर बदलू. सांगलीवाले आठ दिवस द्यायला तयार आहेत. एक बाई जाईल, दहा राहतील. तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. कारणाच्या रकान्यात सुनंदावहिनींचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली. दहा जणींसाठी करतेय असं स्वतःला सांगितलं. माझी नोकरीही त्यातच वाचत होती, हे मात्र सांगितलं नाही.

वहिनींना सांगायला मीच गेले. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या.

"माजंच नाव हाय व्हय कागदावर?"

"हो."

"तुमचं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. चहा केला, तो मी प्यायले. कसा प्यायले, देव जाणे.

पुढचा माल मी डोळ्यांत तेल घालून केला. खिडक्यांना जाळ्या लावल्या. वडी तपासायला रोज बाहेरचं कुणीतरी बोलवायचं ठरवलं. थंडावा अगदी हवा तेवढा आला. शेडमध्ये मात्र कुणी बोलत नव्हतं. ना चेष्टा, ना प्रश्न. मला वाटलं, बायका मन लावून काम करताहेत.

सांगलीला खोके पोचले आणि दुपारी फोन आला. वडी हातात घेतली की भुगा होतेय.

मी पुन्हा कुंडलला. शेडमध्ये शोधाशोध केली तेव्हा टेबलाखाली मेणाचं एक अख्खं पाकीट सापडलं. न फोडलेलं. वडी बांधून धरतं ते हेच मेण.

"हे घालायचं राहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही?"

कुणी मान वर केली नाही.

"कुणीतरी पाहिलं असेलच ना? मला एक शब्द सांगितला असता, तर तो घाणा पुन्हा वितळवला असता. अर्ध्या तासाचं काम होतं."

"आमाला ठावं न्हाई," एक जण भिंतीकडे बघत म्हणाली.

शेवटी अक्का बोलल्या. आवाज चढवला नाही.

"ताई, पाकीट समद्यांनी बघितलं हुतं. पर खरं सांगनारी एकच हुती आमच्यात. तिला तुमी घरी बसवलं."

सांगलीची ऑर्डर रद्द झाली. महिन्याभरात शेडचं कुलूप बदललं. साचे लोणंदला आले, ते स्टोअरमध्ये पडून आहेत. अकराही जणी परत शेतात तण काढायला, भांगलणीला जातात. मी साहेबांकडे पहिला रिपोर्ट दुरुस्त करायला मागितला. ते म्हणाले, "मॅडम, फाईल बंद झाली. आता कुणासाठी दुरुस्त करायचा?" कुणासाठी ते मला माहीत होतं. पण तो कागद घेऊन त्या अंगणात जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

माझी नोकरी चालू आहे. हल्ली नवीन मुलं ट्रेनिंगला येतात, त्यांना मी फॉर्म भरायला शिकवते. कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, काय घडलं तेवढंच लिहायचं. नाव लिहिलं की पुढच्या वेळी माल बिघडतो तो बिघडतोच, पण कसा बिघडला हे सांगायला कुणी उरत नाही.

मुलं ते वहीत उतरवून घेतात. कुणी अजून विचारलेलं नाही, की मॅडम, हे तुम्हाला कसं कळलं.